स्लीपमधल्या कॉम्प्युटरचा प्लग काढू नका

'एका कॉम्प्युटर इंजिनिअरचा कळकळीचा इशारा' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी घरांमधून फिरतोय. रामबागेतल्या एका भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो आला, तिथून माझ्या आत्याच्या फोनवर. सारांश असा: डेस्कटॉप स्लीपमधून (उघडी कामं तशीच ठेवून कॉम्प्युटर झोपवतात, त्यातून) उठल्यावर वायरलेस माऊस आणि कीबोर्ड चालत नसतील तर दोष स्लीपचा, कारण स्लीपमध्ये माऊसचा 'सिग्नल मरतो'. उपाय म्हणून रोज रात्री स्लीपमधल्या कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी) जाऊन यूएसबीच्या सगळ्या नोंदी उडवा, डोंगल (वायरलेस माऊसचा सिग्नल घेणारा, यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) निळ्या पोर्टातच लावा, आणि शेवटी स्लीप कायमचं सोडून रोज शट डाउनच करा, नाहीतर झोपलेल्या कॉम्प्युटरमध्ये डोंगलमधून हॅकर शिरेल. खाली ठळक अक्षरांत 'घरातल्या ज्येष्ठांपर्यंत जरूर पोचवा'.

पोचला ज्येष्ठांपर्यंत, आणि त्यांचं कामही बुडवलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो. सगळ्यात घातक आधी.

'रोज रात्री स्लीपमधल्या कॉम्प्युटरचा प्लग काढा.' आत्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करतेय. जुन्या वह्या, धार-देवासकडची पत्रं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका असा सगळा पसारा टेबलावर. मशीन विंडोज १० चं. वर्डमधली बटणांची गर्दी तिला नको वाटते, म्हणून ती साध्या नोटपॅडमध्ये लिहिते आणि नंतर माझा आतेभाऊ ते वर्डमध्ये नेतो. त्या दिवशी दुपारभर बसून तिने धारच्या शाखेची नावं उतरवली होती: कोण कुणाचा दत्तक, कुणाचं सासर कुठलं. फाइल सेव्ह केली नव्हती, कारण स्लीपमधून उठवलं की खिडकी जिथल्या तिथे उघडी असते, हा तिचा रोजचा अनुभव. रात्री स्लीपला लावलं आणि मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे प्लग काढला. सकाळी मशीन पहिल्यापासून सुरू झालं, नोटपॅड कोरा.

'अगं आत्या, प्लग का काढलास?' तर म्हणाली, 'अरे, इंजिनिअरने लिहिलंय ना. नुसत्या बटणाने लाइट पूर्ण जात नाही म्हणे.'

लाइट पूर्ण जात नाही हे बरोबरच आहे, आणि ती जायला नकोच असते! स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे थांबतात, पण रॅमला, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीला, वीज चालू राहते. कॉम्प्युटरच्या डब्यातला पॉवर सप्लाय त्यासाठी पाच व्होल्टची एक वेगळी स्टँडबाय लाइन जिवंत ठेवतो. तुमची उघडी कामं त्या वेळी फक्त रॅममध्ये असतात. प्लग काढला की ती लाइन मेली, आणि रॅम रिकामी झाली. काही डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' चालू असतं. त्यात रॅमची एक नक्कल डिस्कवरही ठेवली जाते, त्यामुळे लाइट गेली तरी काम परत मिळतं. पण आपल्याकडे ते चालू आहे की नाही हे ग्रुपवरच्या किती जणांनी बघितलंय? ज्याने हा सल्ला लिहिला त्याला स्लीप म्हणजे काय हेच माहीत नाही, आणि तो इंजिनिअर म्हणवून घेतो.

यात अर्धं सत्य आहे तेवढं नाइलाजाने मान्य करतो. कधीकधी डोंगल किंवा मदरबोर्डावरचा (आतल्या मुख्य सर्किटवरचा) यूएसबी कंट्रोलर, म्हणजे यूएसबी पोर्ट चालवणारा भाग, असा अडकतो की रीस्टार्टनेही सुटत नाही, कारण स्टँडबाय वीज त्याला मिळतच राहते. अशा वेळी प्लग काढून, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरून उरलीसुरली वीज उतरवली आणि मग परत लावलं, तर माऊस जागा होतो. पण हे आधी सगळं सेव्ह करून, रीतसर शट डाउन करून, आणि अडलं तरच. दररोज रात्री नाही, आणि स्लीपमध्ये तर कधीच नाही.

आता 'सिग्नल मरतो' हे प्रकरण. असं काही नसतं. मेसेजने दोन वेगळ्या तक्रारी एकात कालवल्यात. एक, माऊस हलवला तरी कॉम्प्युटर उठतच नाही. दुसरी, कॉम्प्युटर उठतो, पडदा उजळतो, पण बाण जागचा हलत नाही. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

उठतच नसेल, तर बहुतेक वेळा माऊसला उठवायची परवानगीच दिलेली नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस'खाली आपला माऊस निवडायचा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब, आणि तिथे 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' या ओळीवर टिक. कीबोर्डचंही तसंच. तोवर डब्यावरचं पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबलं की मशीन उठतं. मात्र ते दाबून धरायचं नाही. चारेक सेकंद धरलं तर मशीन थेट बंद पडतं आणि काम पुन्हा पाण्यात.

उठतो पण बाण हलत नाही, ही आत्याची तक्रार. ती ऐकून एका दुकानदाराने याच मेसेजची री ओढली, 'सिग्नल गेला' म्हणून सांगितलं आणि तिला माऊस-कीबोर्डचा नवा सेट विकला. नवा सेटही दुसऱ्या सकाळी तसाच गप्प. दोष माऊसमध्ये नव्हताच, मग माऊस बदलून काय होणार होतं? आतेभावाने डोंगल काढून परत खोचलं आणि बाण लगेच हलला. ही साधी तपासणी सगळ्यात आधी करायची. डोंगल काढून लावल्यावर चालतंय, म्हणजे माऊस ठीक, सेल ठीक. उठताना त्या पोर्टाला किंवा डोंगलला वीज नीट परत मिळत नाहीये. विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं आणि काही डोंगल त्या झोपेतून वेळेवर उठत नाहीत. म्हणजे झोपवायची परवानगी काढून घ्यायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' (यूएसबी पोर्टांच्या गटाची नोंद), त्याचाही 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब, आणि 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' यावरची टिक काढायची. रूट हब एकापेक्षा जास्त दिसले तर प्रत्येकाची. शिवाय पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' असतं, ते 'डिसेबल्ड'. काही नव्या मशीनवर पॉवर मॅनेजमेंटचा टॅब दिसत नाही. तिथे दुसऱ्या पोर्टात डोंगल लावून बघणं एवढंच हातात राहतं. माऊस ब्लूटूथचा असेल तर डोंगल नसतं, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधल्या ब्लूटूथ अडॅप्टरची हीच टिक बघायची, आणि उठल्यावर जोडणी व्हायला थोडा वेळ द्यायचा.

डोंगल काढून लावूनही हलत नसेल, तर मात्र माऊसच्या पोटाखालचा खटका आणि सेल बघा. माऊसही सेल वाचवायला स्वतः झोपतो. पुष्कळ माऊस नुसते हलवून जागे होत नाहीत, एकदा क्लिक करावं लागतं.

'डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबीच्या सगळ्या नोंदी उडवा.' हे वाचून मला खरंच संताप आला. डेस्कटॉपला लॅपटॉपसारखा स्वतःचा कीबोर्ड नसतो, टचपॅड नसतं. आत्याकडे माऊस आणि कीबोर्ड दोन्ही एकाच डोंगलवर, आणि ते डोंगल यूएसबीवर. रूट हब किंवा कंट्रोलर अनइन्स्टॉल केला त्याच क्षणी दोन्ही हातांतून गेले; पुढच्या नोंदीवर क्लिक कशाने करणार? बहुतेक वेळा मशीन पुन्हा सुरू केल्यावर विंडोज त्या नोंदी परत आणतं, पण पडद्यावर काहीच हलत नाही अशा अवस्थेत सत्तरी ओलांडलेल्या बाईने काय करावं, हे मेसेजवाल्याने कुठे लिहिलंय? फार तर फक्त अडलेल्या माऊसची एक नोंद अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करायचं, तेही एक वायरवाला माऊस जोडून ठेवून. स्वस्तातला वायरवाला माऊस ज्येष्ठांच्या घरी टेबलाच्या खणात असायलाच हवा.

'डोंगल निळ्या पोर्टातच लावा, तो फास्ट असतो.' निळा म्हणजे यूएसबी ३, वेग सेकंदाला ५ गिगाबिट. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि माऊसला त्याचाही अगदी किरकोळ हिस्सा लागतो. वेगाने माऊसचं काही भलं होत नाही. उलट इथे एक गोष्ट पक्की नोंदलेली आहे. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण काढलं. यूएसबी ३ च्या उपकरणातून, त्याच्या वायरीतून आणि जोडाच्या जागेतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि वायरलेस माऊस नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडली तेव्हा या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढल्याचं त्यांनी मोजलं. २० डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभर पट. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुणी कानात पुटपुटावं, तशी डोंगलची गत होते.

आत्याच्या डब्यामागे नेमकं हेच होतं. वरच्या निळ्या पोर्टात फोटोंची बाहेरची हार्ड डिस्क, तिला चिकटून खालच्या निळ्या पोर्टात डोंगल, आणि माऊस टेबलावर, म्हणजे मधे डब्याचा पत्रा. उठल्या उठल्या डिस्क फिरायला लागायची आणि तेवढ्यात बाण अडखळायचा. डोंगल पुढच्या काळ्या पोर्टात लावलं, अडखळणं थांबलं. पुढे काळा पोर्ट नसेल तर छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल माऊसजवळ टेबलावर आणा. इंटेलच्या टिपणाचा रोखही तोच आहे: डोंगल त्या उपकरणापासून लांब न्या. निळ्या पोर्टाशेजारी काही जोडलेलंच नसेल तर निळ्यातही माऊस खुशाल चालेल. पण 'निळ्यातच लावा' हा आग्रह उलटा आहे.

'रोज शट डाउनच करा, म्हणजे सगळं स्वच्छ होतं.' नाही होत. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं आणि बहुतेक मशीनवर ते चालूच असतं. त्यात शट डाउन म्हटल्यावर तुमच्या खिडक्या बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) जसेच्या तसे डिस्कवरच्या फाइलीत लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. ड्रायव्हर अडकलेला असेल तर तोही तसाच परत येऊ शकतो. पूर्ण नव्याने सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट', किंवा शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन'. ज्यांना सवयीने रोज बंद करायचंय त्यांनी करावं, माझी हरकत नाही. स्लीपमुळे माऊस खराब होतो म्हणून मात्र नको.

राहिला हॅकर. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी 'माऊसजॅक' नावाची त्रुटी दाखवून दिली होती. ब्लूटूथ नसलेल्या, डोंगलवाल्या अनेक कंपन्यांच्या माऊस-कीबोर्डमध्ये ती सापडली. सुमारे शंभर मीटरवरून एखादा माणूस त्या डोंगलला खोटी बटणं दाबल्याचे इशारे पाठवू शकत होता. त्यामुळे डोंगल म्हणजे अगदी निर्धोक, असं मी म्हणणार नाही. पण त्याचा स्लीपशी संबंध लावणं चूक आहे. ती त्रुटी डोंगलमधली, मशीन जागं असतानाच जास्त कामाची. तिचा उपाय डोंगलच्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रामचा, अपडेट. लॉजिटेकने तो तेव्हाच काढला होता. जुनं डोंगल असेल आणि त्याला अपडेट मिळत नसेल तर ते बदला. आणि कॉम्प्युटर उठल्यावर पासवर्ड मागेल असं सेटिंग ठेवा, म्हणजे बाहेरून कुणी तो उठवला तरी समोर कुलूप असेल. आत्याच्या मशीनवर ते नव्हतं, आतेभावाने लावून दिलं.