खुनी कोण, हे अभिप्रायात वाचा

मोबाइलवरच्या रहस्यखेळात खून कोणी केला हे शोधणे एक वेळ सोपे. पण इतर खेळाडूंची मते वाचून तो खेळ विकत घ्यावा की नाही हे ठरवणे महाकठीण. पहिले प्रकरण फुकट असते. दिवाणखान्यात प्रेत पडलेले असते, पुतण्या उगीचच हातमोजे घालून वावरत असतो, आणि तिजोरीचे दार किलकिले होते न होते तोच ‘पुढील प्रकरणांसाठी पूर्ण आवृत्ती घ्या’ अशी पाटी झळकते. मग मी साक्षी नोंदवायला बसतो.

एकाच तिजोरीविषयी एक जण म्हणतो, ‘कोडे पोरकट आहे’, तर त्याच्याच खालचा म्हणतो, ‘हे कोडे सोडवणे मानवी बुद्धीच्या पलीकडचे आहे.’ कोणी खेळ न उघडताच पाच तारे बहाल करतो, तर कोणी फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून निर्मात्यांना एका ताऱ्यावर आणून ठेवतो. जाहिरातींच्या नावाने तर सगळेच खडे फोडतात. त्यावर मी वेगळे काय बोलणार?

किल्ली सापडत नसल्याची तक्रार मात्र मला मनापासून पटते. संगणकावर माऊसचा बाण कामाच्या वस्तूवर गेला की बहुतेक वेळा त्याचे रूप बदलते आणि माणूस सावध होतो. बोटाला ती सोय नाही. ते टेकवल्याशिवाय काही कळत नाही, आणि टेकवले की किल्ली नेमकी बोटाखालीच झाकली जाते. अर्थात पूर्वीही फार सुख होते असे नाही. १९८० सालच्या ‘मिस्टरी हाउस’ या संगणकावरच्या रहस्यखेळात चित्रे होती, पण हुकूम टंकावे लागत आणि खेळाला कळेल तोच शब्द सुचावा लागे.

सगळ्यांत घातक तो सज्जन, जो शुद्ध भाषेत लिहितो, ‘कथा अप्रतिम! शेवटी डॉक्टर खुनी निघेल असे वाटले नव्हते.’ हा रोगही जुनाच. युजी होरी यांच्या १९८३ सालच्या ‘पोर्टोपिया’ या खेळातला खुनी जपानमध्ये इतका प्रसिद्ध झाला, की खेळ कधी न पाहिलेल्यांच्याही तोंडी त्याचे नाव असते. (ते मी येथे सांगणार नाही, कोणीतरी सभ्यता पाळायलाच हवी.) आमच्या सज्जनाच्या अभिप्रायाखाली तर निर्मात्यांचे उत्तरही होते : ‘आपल्याला शेवट आवडल्याचे वाचून आनंद झाला.’ म्हणजे साक्षीवर सरकारी शिक्काच.

तरीही मी खेळ विकत घेतला, आणि डॉक्टरच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. पुतण्याच्या जबानीकडे मी लक्ष दिले नाही, माळ्याच्या चिखलाळलेल्या बुटांकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्या प्रकरणात उलगडा झाला, की दिवाणखान्यात पडलेले ते प्रेतच डॉक्टरांचे आहे, आणि पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नाही. तेव्हा एक तर मयताने स्वतःचाच काटा काढला असावा, किंवा त्या सज्जनाने भलत्याच खेळाचा अभिप्राय येथे टाकला असावा आणि निर्मात्यांनी तो न वाचताच आनंद मानला असावा. दुसऱ्या शक्यतेचा पुरावा जास्त भक्कम आहे.