ऊन नव्हतं लागलं मला

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला की आमच्या नागपुरात कुठल्याही दुखण्याचं निदान घरबसल्या होतं. डोकं दुखलं, ऊन लागलं. चक्कर आली, ऊन लागलं. पाय लटपटले, तर "बाप्पा, भर दुपारी कशाले गेली होती सीताबर्डीत?" मग कैरीचं पन्हं, पर्समध्ये कांदा, कूलरसमोर दोन दिवस झोप. बहुतेकदा बरंही वाटतं. म्हणूनच या निदानावर कुणी शंका घेत नाही.

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात शंकरनगर चौकात सिग्नलला गाडी घेऊन उभी होते. उजव्या डोळ्याने बघितलं तर लाल दिवा विटकरी, मळकट दिसत होता. डाव्याने बघितला की लालभडक. डोळा फिरवला की आत ठणका. आईने गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तीनेक आठवड्यांत नजर जवळपास परत आली आणि विषय संपला. ऊनच होतं म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात कमरेखाली मुंग्या आल्या. मान खाली घातली की पाठीतून वीज सरकायची. एका डॉक्टरांनी बी-१२च्या गोळ्या लिहून दिल्या, दुसऱ्यांनी विचारलं, "घरी काही टेन्शन?" एमआरआय झाला तो तिसऱ्या वर्षी. मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर पांढरे ठिपके निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. (हे नाव सांगितलं की अर्ध्या लोकांना वाटतं मी सर्जनची डिग्री घेतली. एका काकूंनी तर भाच्याचं ऑपरेशन कधी करता विचारलं.)

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. जिथे कुरतडलं तिथे व्रण राहतो, निरोप अडखळतो. म्हणून एकाचा डोळा जातो, दुसऱ्याचा हात बधिर होतो, तिसऱ्याचा तोल सुटतो, आणि दोन पेशंट कधी सारखे नसतात. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट. संसर्गाने पसरत नाही, तेव्हा माझ्या ग्लासातलं पाणी बिनधास्त प्या.

पण नागपूरकरांना मला खरं सांगायचं आहे ते उन्हाबद्दल. आवरण गेलेली नस उष्णतेत आणखी मंदावते. अंगाचं तापमान अर्धा अंश चढलं तरी पुरतं. श्रम केले की अशा पेशंटची नजर तात्पुरती धूसर होते, हे विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं; त्यामागे उष्णता आहे हे पुढे कळलं. एमआरआय येण्याआधी तर संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का, हे बघत. आम्हाला टबाची गरज नाही, आमचा मे महिनाच टब आहे. पारा ४५ च्या पुढे गेला की माझा डावा पाय फरफटतो, अक्षरं धूसर होतात, जीभ जड होते. गार झाले की तासाभरात परत जागेवर. त्याने नवीन इजा होत नाही, पण आतली जुनी जखम बाहेर दिसते.

आणि इथेच घोळ होतो. गारव्यात बसून बरं वाटलं, म्हणजे ऊनच लागलं होतं, असं सगळे धरून चालतात. आमच्या गावात हा आजार उन्हाच्या आड लपतो. माझी दोन वर्षं त्यात गेली. ही वर्षं महत्त्वाची असतात, कारण आज झटके, म्हणजे लक्षणं अचानक उसळणं, कमी करणारी औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. आजार कायमचा जात नाही, हेही खरं.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. एका डोळ्याने अंधुक दिसतंय, रंग फिके वाटताहेत, डोळा हलवल्यावर दुखतंय. किंवा बधिरपणा, तोल जाणं एक दिवसाच्या वर टिकलंय, तर पन्हं जरूर प्या, पण न्यूरॉलॉजिस्टकडेही जा. तरुण पोरगी असेल तर "टेन्शन घेते" म्हणून सोडून देऊ नका.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. प्रमाणपत्र काढायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "चालत आलात ना?" आले होते, डिसेंबर होता. मेमध्ये बोलावलं असतं तर भिंत धरून आले असते. मेट्रोत राखीव जागेवर बसले की आजही लोक अशाच नजरेने बघतात. थकवा फोटोत येत नाही, त्याला काय करणार.

३० मे हा जागतिक एमएस दिवस. नेमका नवतप्यात येतो. त्याची रिबीन नारिंगी असते, म्हणजे संत्रानगरीला ती वेगळी आणायलाही नको. त्या दिवशी कुणी दुपारी रॅली काढली तर मी येणार नाही, आधीच सांगते. सकाळी सहाला फुटाळा तलावावर ठेवा, येते.

माझी मावशी निदानानंतरही वर्षभर म्हणायची, "काऊन गं, चांगली तर दिसून राहिली!" मग एकदा मे महिन्यात ती घरी असताना लाइट गेली. तिने मला पलंगापासून बाथरूमपर्यंत धरून नेलं. आता उन्हाळ्यात तिचा फोन आला की तब्येतीचं नंतर, आधी विचारते, "कूलरात पाणी भरलं का?"