‘बिघडलं’ एवढंच सांगू नका

‘बटण दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण पातं हलत नाही’ असं फोनवर सांगितलंत तर मेकॅनिक पिशवीत कपलर (मोटर आणि पातं जोडणारी दातेरी चकती) टाकूनच घरी येतो. नुसतं ‘मिक्सर गेला’ म्हणालात तर तो मशीन उचलून दुकानात नेतो. एकदा मशीन घराबाहेर पडलं की आत नक्की काय बदललं आणि बिलात काय लागलं, हे समजायला मार्ग उरत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की घरातल्या प्रत्येकाला, स्वयंपाक करणाऱ्याला आणि न करणाऱ्यालाही, मशीनची लक्षणं नीट सांगता आली पाहिजेत. दुरुस्ती स्वतः करायची गरज नाही. लक्षण ओळखता आलं की बहुतेक वेळा एखादा छोटा, स्वस्त पार्टच गेलेला निघतो.

मिक्सरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त अत्याचार त्याच्यावर होतात.

वाटण करताना मिक्सर अचानक गप्प झाला, आवाज नाही, वास नाही, तर आधी प्लग काढा. मशीन उलटं करा. बुडाला लाल रंगाचं छोटं बटण असतं, ते ओव्हरलोडचं. ते बाहेर आलेलं असेल तर मिक्सर बिघडलेला नाही, त्याने स्वतःला वाचवलंय. भांड्यातलं अर्धं वाटण काढा, थोडं पाणी घाला, पाच-दहा मिनिटं थांबा, मग बटण आत दाबा. थांबायचं का, तर पातं अडकलं की मोटर जास्त करंट खेचते आणि त्याच वेळी तिला गार करणारा पंखाही मंदावतो, कारण तो त्याच दांड्यावर बसवलेला असतो. म्हणजे उष्णता वाढते आणि वारा कमी होतो. बटण लगेच दाबून पुन्हा पुन्हा चालवणाऱ्यांचीच वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) जळते. मिक्सर कापडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका, हेही त्याचसाठी. वाऱ्याची भोकं तळाला असतात.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर. एक मशीनवर असतो, दुसरा भांड्याच्या खाली. दात झिजलेत की नाही ते डोळ्यांनी दिसतं. मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला वरचा कपलर फिरवला की तो सुटतो, कारण चालताना येणाऱ्या भाराने तो आवळलाच जावा अशी आटी असते. खालून दांडा धरून ठेवावा लागतो. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी दांड्याच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरची खाच दिलेली असते.

आता इथे जरा थांबतो, कारण खरी गोम पुढे आहे. कपलर दोन-तीन महिन्यांत परत तुटत असेल तर दोष कपलरचा नसतो. रिकामं भांडं हातात घ्या, मशीनपासून वेगळं, आणि खालचा कपलर बोटांनी फिरवा. पातं सहज फिरलं पाहिजे. जड जात असेल, घासल्यासारखं वाटत असेल, तर भांड्याचा बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) गंजलाय किंवा आत मसाला सुकून बसलाय. मोटर जोर लावते, बुश सोडत नाही आणि मधला कपलर बळी जातो. बुश बदलला की कपलरही टिकतो आणि ओव्हरलोडही उडायचा थांबतो. पण आपण ‘कपलर बदला’ म्हणतो, समोरचा कपलर बदलून देतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. भांड्याखाली काळपट तेलकट पाणी दिसायला लागलं तरी बुशच संपलेला असतो. ते काळं पाणी चटणीतही जातं, त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू दे’ हे इथे चालणार नाही.

बुश टिकवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वाटण काढलं की लगेच अर्धा पेला पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दोन वेळा पल्स फिरवायचं, धुवायचं आणि भांडं पालथं घालायचं. मीठ, चिंच, कोकम घातलेलं वाटण रात्रभर भांड्यात राहिलं की बुश गंजणारच. महिन्यातून एकदा भांडं उलटं करून दांड्याच्या मुळाशी खाद्यतेलाचा एक थेंब सोडा. पात्याला धार यावी म्हणून खडे मीठ फिरवण्याचा सल्ला फार फिरतो. त्याने धार येत नाही, बुशमध्ये मीठ मात्र जातं.

मिक्सर चालतोय, पण दम नाही, आणि खालच्या भोकांतून ठिणग्या दिसतात, तर कार्बन संपत आलेत. हे दोन छोटे चौकोनी तुकडे मोटरच्या दोन बाजूंना स्प्रिंगने दाबलेले असतात आणि आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, घासून वीज पोहोचवतात. घासून झिजणं हाच त्यांचा धर्म. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी उरले की बदलायचे, आणि दोन्ही एकदम बदलायचे. नवे कार्बन टाकल्यावर सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतात, कारण सरळ तोंडाचा कार्बन आर्मेचरच्या गोलाईला बसायला वेळ लागतो. रिकामं भांडं लावून मिनिटभर चालवा, बसेल. आर्मेचरचा तांब्याचा भाग काळा पडला असेल तर बारीक पॉलिशपेपरने पुसून घेतात. एमरी पेपर वापरणाऱ्याला मात्र थांबवा, त्याची पूड वीजवाहक असते आणि पट्ट्यांच्या मधे अडकते.

कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या असतील तर घाबरू नका. तांब्याच्या भागाभोवती पूर्ण नारिंगी कडं दिसत असेल तर आर्मेचरची कॉइल शॉर्ट आहे. तेव्हा, आणि जळका वास येऊन धूर निघाला असेल तेव्हाच, ‘मिक्सर गेला’ या वाक्याला अर्थ आहे. आर्मेचर आणि फील्ड (मोटरचा स्थिर भाग) दोन्ही जळले असतील आणि मशीन ५०० वॉटचं, प्लास्टिक बॉडीचं असेल तर नवं घ्या. ७५० वॉटचं, बॉडी धड असलेलं मशीन असेल तर मोटरचा सेट बदलणं मला पटतं. हळकुंड, सुंठ यांचे अख्खे तुकडे टाकू नका, आधी खलबत्त्यात ठेचा. आणि बुडाच्या पाटीवर किती मिनिटं चालवायचं आणि किती थांबायचं हे लिहिलेलं असतं. अनेक मशीनवर पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं असतं. काळ्या मसाल्याच्या दिवसांत तेवढं पाळा.

गिझरच्या बाबतीत मात्र मला काळजी वाटते, कारण तिथे चूक झाली तर जिवाशी गाठ आहे.

१५ लिटरच्या गिझरला बहुधा २ किलोवॉटची कॉइल असते. २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण अठरा-वीस मिनिटं लागतात. आता पाऊण तास लागत असेल तर कॉइल तपासून घ्या, तिच्यावर क्षार चढलेला असू शकतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे वर्षभरातच दिसतं. क्षाराचा पांढरा थर उष्णता पाण्यात सहज जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते, तिच्या आवरणाला भेग जाते आणि पाणी आतल्या तारेपर्यंत पोहोचतं. त्याआधी ती इशारा देते, तापताना टिकटिक, खदखद असा आवाज यायला लागतो. तो आवाज ऐकू आला की सर्व्हिसिंग करून घ्या. थर्मोस्टॅट ५५ ते ६० च्या वर ठेवू नका, जितकं पाणी जास्त तापेल तितका क्षार जास्त बसतो.

सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं बाहेरून पुसणं नव्हे. टाकी रिकामी करायची, तळाची प्लेट कॉइलसकट उतरवायची, क्षार काढायचा आणि गॅस्केट (सांधा बंद करणारं रबर) नवं टाकायचं. जुनं गॅस्केट परत लावलं की हमखास ठिबकतं. आणि त्याच वेळी एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या, अॅनोड रॉड. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाणी टाकीच्या लोखंडाऐवजी तिला खातं, म्हणजे टाकी वाचावी म्हणून ती झिजत राहते. आतली तार उघडी पडली की तिचं काम संपलं आणि गंज टाकीकडे वळतो. टाकीला भोक पडलं की दुरुस्तीत अर्थ नसतो. रॉड काही शे रुपयांचा, टाकी म्हणजे जवळजवळ नवा गिझर. क्षाराच्या पाण्यात रॉड दरवर्षी तपासा. मेकॅनिकने आपणहून त्याचं नाव काढलं नाही तर तुम्ही काढा.

लक्षणांचं गणित साधं आहे. तापतंय दाखवणारा दिवाच लागत नाही, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा पार्ट). दिवा लागतो पण पाणी थंडच, तर बहुधा कॉइल तुटली. गिझर लावला की काही वेळाने घराची लाइनच जाते, तर कॉइलमधून अर्थला गळती आहे. पाणी उकळतं, नळातून वाफ येते, तर थर्मोस्टॅट चिकटलाय. तेव्हा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत गिझर लावू नका.

आता ती गोष्ट, जी मी हात जोडून सांगतो. गिझरला एक प्रेशर रिलीज व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब पाणी येतं आणि लोक वैतागतात. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिलिलिटर जास्तीचं होतं, आणि टाकीला परतीचा रस्ता बंद असेल तर ते कुठून तरी बाहेर पडणारच. ते ठिबकणं सुरक्षिततेची खूण आहे. गिझर बंद असतानाही सतत ठिबकत असेल, तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा इमारतीचा दाब जास्त आहे (दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब धरा). मग व्हॉल्व्ह बदला किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. पण त्या जागी प्लग मारून ठिबकणं ‘बंद’ करून देणाऱ्या माणसाला तिथेच थांबवा. व्हॉल्व्ह बुजवलेला, थर्मोस्टॅट चिकटलेला, कटआउट निकामी, अशा टाकीचा स्फोट होतो.

तितकाच घातक प्रकार म्हणजे एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ चा टाकणं. २ किलोवॉटचा गिझर नऊ अँपिअरही घेत नाही. तरी १६ चा पडतोय म्हणजे कुठे तरी दोष आहे, आणि ३२ चा टाकल्यावर त्या दोषाचा भार भिंतीतल्या वायरवर येतो. बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवीच. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. ती पडली नाही तर ती निव्वळ शोभेला आहे.

पंख्याचं एवढं मोठं प्रकरण नसतं. हळू फिरतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलल्यावर फिरतो, तर कंडेन्सर गेलाय. बहुतेक छताच्या साध्या पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर जो आकडा असेल तोच नवा घ्या. मोठा टाकला की वेग वाढेल या समजुतीने वाइंडिंग तापते.

फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, तर मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं निचऱ्याचं भोक तुंबलंय. कोमट पाणी आणि मऊ नळी, काम झालं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज ओढली गेली तर गॅस्केट सैल आहे. जुन्या पद्धतीच्या फ्रिजरमधला बर्फ सुरीने मात्र कधीच खरवडू नका. त्या पातळ पत्र्यातच गॅसची नळी असते, ती फुटली की खर्च मोठा, आणि आजच्या अनेक फ्रिजमधला आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही आहे.

वॉशिंग मशीन पाणी घेत नाही अशी तक्रार आली की आधी तोटी बंद करून मशीनच्या मागची पाइप सोडा. तिथे बोटाच्या पेराएवढी जाळी असते. टँकरच्या पाण्यातली बारीक रेती तिथे अडकते. पक्कडीने हळूच ओढून नळाखाली ब्रशने धुवा. फ्रंट लोडमध्ये पाणी बाहेर जात नसेल तर पुढच्या बाजूला खाली झाकणाआड पंपाचा फिल्टर असतो. त्यात नाणी, टाचण्या, मुलांचे मोजे, सगळं सापडतं. उघडण्याआधी खाली परात आणि जुना टॉवेल ठेवा.

आता मेकॅनिक आल्यावर काय करायचं. समोर उभे राहा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. बिलावर ‘सर्व्हिस’ एवढंच नको, पार्टचं नाव लिहून घ्या. पंचवीस-तीस रुपयांच्या पार्टसाठी ‘पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल’ असं उत्तर मिळालं तर दुसऱ्याला विचारा. चांगले कारागीर हे प्रश्न आवडीने ऐकतात, कारण लक्षण नीट कळलं की त्यांचा एक फेरा वाचतो. अशा माणसाचा नंबर जपून ठेवा आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या पार्टची माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्यामागचा हेतू. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि आज हे वाचून झालं की एक काम लगेच करा. प्रत्येक मशीनच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. मिक्सरची बुडाला असते, गिझरची खाली किंवा बाजूला, फ्रिजची भाजीच्या ड्रॉवरजवळ किंवा मागे, वॉशिंग मशीनची दाराच्या कडेला किंवा पाठीवर. मॉडेल नंबर त्यावरच असतो, आणि ओल्या कापडाने पुसून पुसून तो आधी उडतो.