रबर चढवलं म्हणता, मग डायल कोण लावणार?

वाइड बेल्ट सँडर म्हणजे रुंद पॉलिश-पट्ट्याने बोर्ड घासणारं मशीन. त्याचा कॉन्टॅक्ट रोलर, म्हणजे पट्टा बोर्डवर दाबणारा रबरी रोलर, भोसरीला रबर चढवायला टाकला, की रबर किती कडक हवं, तयार व्यास किती हवा, हे विचारायची पद्धतच नाही. चलनावर फक्त 'रबर रोलर १ नग'. टिंबर मार्केटातल्या छोट्या युनिटकडे जादा रोलर कुठला असायला? मशीन बंद, माणसं बसून. आठ दिवसांनी रोलर काळाभोर, चकचकीत होऊन येतो आणि पहिल्याच बोर्डवर लाटा! वर रबर चढवणारे ऐकवतात, "तुमचा बेल्ट खराब आहे."

अहो, बेल्ट की रोलर हे साध्या पट्टीने कळतं! २०० मिमीचा रोलर १५०० आरपीएमने फिरतोय आणि फीड (बोर्ड पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ६ मीटर आहे, म्हणजे रोलरच्या एका फेऱ्यात बोर्ड ४ मिमी पुढे जातो. बॅटरीचा उजेड आडवा पाडा, लाटांमधलं अंतर मोजा. ४ मिमी आलं तर दोष रोलरचाच. १९०० मिमीच्या बेल्टचा सांधा असता तर खूण १२ मिमीवर उमटली असती. एवढा गुणाकार-भागाकार न करता गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं?

कॅलिब्रेशनला, म्हणजे बोर्ड एकसारख्या जाडीचा करायला, ७०-८० शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) चालतं, व्हीनियरच्या फिनिशिंगला ४०च्या आसपास हवं. अर्ध्या मिमीच्या व्हीनियरवर ८०चा रोलर फिरला की जरा उंच जागी खालचा प्लाय उघडा पडतो. ती शीट गेलीच. कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर टेकवायला पाच सेकंद लागतात, तरी टेकवत नाहीत.

रबर चढवण्याआधी सँडब्लास्ट केलेलं (वाळूच्या माऱ्याने साफ केलेलं) रोलरचं लोखंड पावसाळ्यात उघडं ठेवून जेवायला जातात. त्यावर गंज धरतो आणि पुढे रबर कडेने सुटतं. ग्राइंडिंग करताना रोलर बेअरिंगच्या सीटवर (बेअरिंग बसते त्या जागी) धरायचा, तर टोकाच्या झिजलेल्या सेंटर-खड्ड्यांवर धरतात. मग रबर गोल दिसतं, पण फिरतं वाकडं. रबरावर ग्रूव्ह (खाचा) पाडल्यावर डायनॅमिक बॅलन्सिंग, म्हणजे फिरवून वजनाचा तोल साधणं, हवं, ते बिलात असतं, रोलरमध्ये नसतं. रोलर हाताने फिरवत दोन्ही टोकांना आणि मध्ये डायल (वाकडेपणा दाखवणारं काट्याचं मापक) लावा, काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर रोलर ताब्यातच घेऊ नका.

ऑपरेटरांनाही सांगून थकायला होतं. रात्री बेल्टचा ताण सोडत नाहीत, रबर एका जागी दबतं. थिनरने पुसतात, ते फुगतं.

आणि २००चा रोलर न सांगता १९६ करून पाठवणं तर संतापजनक आहे! घासायची रेषा २ मिमी वर सरकते, जाडीचं माप चुकतं, रोलरशेजारचा पट्टा दाबणारा पॅडसुद्धा पुन्हा जुळवावा लागतो. चलनावर तयार व्यास लिहायला एवढं काय जड जातं?