मेटा टॅगने फॉर्ममधली मराठी शाबूत राहत नाही

‘पानावर मेटा चारसेट यूटीएफ-८ लिहा, फॉर्ममधली मराठी बिघडणार नाही,’ हा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. (मेटा चारसेट म्हणजे पानाचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत, सांगणारा एचटीएमएल टॅग; यूटीएफ-८ ही अशीच एक पद्धत.) सोबत तीन पुरवण्या येतात: ब्राउझर सर्व्हरला एन्कोडिंग कळवतो, डेटाबेस ‘यूटीएफ८’ असला की झालं, आणि बिघडलंच तर नंतर रूपांतर करता येतं.

आधी मेटा टॅग. तो पहिल्या १०२४ बाइटांत हवा. शिवाय सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या एचटीटीपीच्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये वेगळा चारसेट असेल तर ब्राउझर हेडरचंच ऐकतो. हेडर विंडोज-१२५२ (युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) म्हणत असेल तर फॉर्मही तसाच जातो. त्यात ‘म’ नाही, म्हणून त्याच्या जागी अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम जातात. कुणी तेच हाताने टाइप केलं असतं तरी सर्व्हरला फरक कळला नसता. फॉर्मला अ‍ॅक्सेप्ट-चारसेट यूटीएफ-८ हा गुणधर्म लावून हे टळतं, पण आधी हेडर दुरुस्त करा.

ब्राउझर काही कळवत नाही. साध्या पोस्ट फॉर्मच्या हेडरमध्ये चारसेट नसतोच. ‘म’चे फक्त ३ बाइट जातात. जावा सर्व्लेटमध्ये (सर्व्हरवर फॉर्म हाताळणारा जावा कोड) काही सांगितलं नसेल तर ते आयएसओ-८८५९-१ या लॅटिन एन्कोडिंगमधले म्हणून वाचले जातात आणि एका अक्षराची तीन लॅटिन चिन्हं होतात. एन्कोडिंग सांगणारं सेट-कॅरेक्टर-एन्कोडिंग पहिला पॅरामीटर (फॉर्ममधून आलेलं एखादं मूल्य) वाचण्याआधीच बोलवावं लागतं. लॉग लिहिणाऱ्या एखाद्या फिल्टरने (सर्व्लेटच्या आधी चालणाऱ्या कोडने) आधीच पॅरामीटर वाचला असेल तर नंतरची सूचना वाया जाते, आणि त्रुटीही दिसत नाही. शोधायला सगळ्यात त्रासदायक बिघाड हाच. म्हणून एन्कोडिंगचा फिल्टर साखळीत सर्वांत पुढे ठेवा.

मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं ‘यूटीएफ८’ अक्षरामागे ३ बाइटच घेतं. देवनागरी त्यात बसते, म्हणून चाचणी पास होते. मोडीचं अक्षर किंवा बहुतेक इमोजी ४ बाइटांचे. असं अक्षर आलं की स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीचा मजकूर नाकारणारी सेटिंग) त्रुटी येते, नाहीतर मजकूर तिथून पुढे कापला जाऊ शकतो. टेबल आणि कनेक्शन, दोन्हीकडे ४ बाइट घेणारं यूटीएफ८एमबी४ हवं.

नंतरचं रूपांतर? डेटाबेसमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षर गेलं, ते परत येत नाही. लॅटिन चिन्हं असतील तर बहुधा येतं, पण सरसकट सगळ्या ओळी बदलू नका. चांगल्या ओळी बिघडतील. आधी हेक्स (साठलेल्या बाइटांचे आकडे) पाहा: नीट साठलेला ‘म’ ई०-ए४-एई दिसतो, दोनदा एन्कोड झालेला (म्हणजे लॅटिन चिन्हं झालेला) सी३-ए० ने सुरू होऊन ६ बाइट घेतो. बॅकअप घेऊन फक्त दुसऱ्या प्रकारच्या ओळी दुरुस्त करा.