"कोणाचा रे हा?" विचारून गप्प बसू नका

सुसाट बुलेट गेली की आपल्या गल्लीत पहिला प्रश्न निघतो, "कोणाचा रे हा?" उत्तर लगेच मिळतं. आणि उत्तर मिळालं की सगळे गप्प बसतात. कारण तो कोणाच्या तरी चुलत दिराचा मुलगा असतो, नाहीतर ज्यांच्या मळ्यात आपण केळी कटाईला जातो त्यांचा नातू असतो. संबंध बिघडतील, उद्या लग्नकार्यात समोरासमोर यायचंय, म्हणून कोणी बोलत नाही. मला याचा फार राग येतो.

मी अंगणवाडीत काम करते. रावेर तालुक्यातल्या आपल्या गावांत ओट्याची पायरी उतरली की थेट रस्ता. तीन वर्षांचं पोर दारातून धावत निघालं तर पहिल्याच पावलाला ते गाडीपुढे येतं. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच दोन-तीन घरं मागे पडलेली असतात. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. हे सांगितलं की उत्तर येतं, "हॉर्न तं वाजवला ना, ताई!" अरे, त्या लेकराला हॉर्नचं काय कळतं? कितीदा तर ते आवाज कुठून आला ते बघायला बाहेर येतं.

उन्हाळ्यात जास्त भीती वाटते. पारा ४५ च्या आसपास, दिवसभर घरात कोंडलेली माणसं जेवणं आटोपली की बाहेर पडतात. म्हातारी माणसं बाजेवर, बाया शतपावलीला, पोरं रस्त्यावर. नेमक्या त्याच वेळी सायलेन्सर बदललेल्या गाड्या फटाके फोडत फिरतात. समोरून येणारा अप्पर, म्हणजे दिव्याचा वरचा झोत, सोडतच नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते.

ट्रॅक्टरवाल्यांबद्दल वेगळं बोलते. ते पोटासाठी गाडी चालवतात, त्यांच्यावर सरसकट राग काढणं मला पटत नाही. पण दादा, कापसाची ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली, मागे ना लाल दिवा ना रेडियम, आणि अंधारात ती रस्त्यातच उभी, असं कसं चालेल? पंक्चर झाली की चाकाला दगड लावता, ते बरोबरच आहे. निघताना ते दगड बाजूला का करत नाही? पहाटे दूध घेऊन निघालेला मोटारसायकलवाला त्याच दगडावर पडतो. रेडियमच्या पट्टीला फार पैसे लागत नाहीत.

आणि मालाच्या ट्रकवर मजूर बसवणं. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, किमान १५ मजूर गेले. आपल्याच तालुक्यातली माणसं, बरीचशी आभोडा गावची, बाया आणि पोरंसुद्धा. त्यानंतर काही दिवस आपल्याकडे कोणी मजुरांना मालावर बसवत नव्हतं. आता पुन्हा केळीच्या घडांवर बाया बसलेल्या दिसतात. मजुरांसाठी वेगळी गाडी करायला मालकाला परवडत नाही असं म्हणतात. मला हे मान्य नाही. माल मोजून भरता, त्या मोजणीत माणसं नेण्याचा खर्चही धरा.

आता आईबापांशी बोलते. नववी-दहावीतल्या पोराच्या हातात गाडी देऊन "आमचा बाळू लवकर शिकला" असं कौतुकाने सांगणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम असा आहे की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. पोलिसात किंवा चालक म्हणून नोकरीचं स्वप्न बघणाऱ्या घरांनी हे नीट वाचावं. शेत लांब आहे, वडील आजारी आहेत, पोराशिवाय डबा नेणारं कोणी नाही, हेही मला दिसतं. त्यासाठी सायकल आहे, शेजारी आहेत. मला विचारा, मी सोय बघते.

काही जण म्हणतात, गतिरोधक टाका. टाकावेत, पण नियमाने. रातोरात सिमेंटचा उंचवटा घातला की म्हातारा सायकलवाला आपटतो, गरोदर बाईला दवाखान्यात नेताना रिक्षा उडते. नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याच्या आधी फलक लागतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यावर तर त्यांची परवानगीच हवी. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागेल.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होईल. तिथे मी तीन गोष्टी मांडणार आहे: शाळा आणि अंगणवाडीच्या दोन्ही बाजूंना नियमातले गतिरोधक, ट्रॉल्यांना रेडियम सक्तीचं, आणि मजुरांना मालावर बसवणाऱ्या गाडीला गावात माल भरू न देणं. बायांनो, सह्या करायला या, नवरा किंवा सासरे काय म्हणतील ते नंतर बघू. आणि आपल्याच पोराबद्दल हे लिहिलंय असं ज्यांना वाटतंय, त्यांनी रुसून बसू नका. संध्याकाळी घरी या, चहा घेऊ, समोर बसून बोलू.