व्हिडिओकॉनला चिनी मालानं मारलं नाही

दिवाळीची खरेदी तोंडावर आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या ग्रुपवर, आणि शेवटी बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानदारांच्या ग्रुपवरही. तिथं तरी कुणी हटकेल असं वाटलं होतं, पण सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. मजकूर थोडक्यात असा: ‘व्हिडिओकॉन ही मराठी मातीतली, शंभर टक्के देशी तंत्रज्ञानाची कंपनी. चिनी आणि कोरियन माल आला, आपण दोन-चार हजार वाचवायला गेलो आणि घरच्या कंपनीचा गळा घोटला. टीव्ही चपटे होणार हे बिचाऱ्या मालकांना कळलंच नाही. उरलेलं काम एका बँकेच्या बाईनं केलं. मालक 30 हजार कोटी द्यायला तयार असताना बँकांनी 3 हजार कोटींत कंपनी फुंकून टाकली. आता तरी जागे व्हा. पुढे पाठवा.’

मी बर्डीवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाची वही बरीच वर्षं लिहिली. तेव्हाची दिवाळी व्हिडिओकॉनच्या स्कीमवर ठरायची, आणि कंपनी गेल्याचं मलाही वाईट वाटतं. पण हा मजकूर गिऱ्हाइकाच्या माथी जे पाप मारतो, ते त्याचं नाही.

‘मराठी मातीतली’ याबद्दल वाद नाही. धूत कुटुंब तेव्हाच्या औरंगाबादचं, कारखाना पैठण रस्त्यावर चित्तेगावला, आणि त्या कारखान्यानं मराठवाड्यात हजारो घरं चालवली. ‘शंभर टक्के देशी तंत्रज्ञान’ मात्र नुसती थाप आहे. 1982 च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि त्यानंतर जे देशी ब्रँड उभे राहिले, त्यातल्या बहुतेक मोठ्यांच्या मागे जपानी हात होता. ओनिडाच्या मागे जेव्हीसी, बीपीएलच्या मागे सान्यो, व्हिडिओकॉनच्या मागे तोशिबा. जुन्या डीलरला विचारा, ‘तोशिबाची टेक्नॉलॉजी आहे’ हे वाक्य सांगूनच सेट विकला जायचा. त्यात कमीपणा काही नव्हता. फक्त विकत घेतलेली विद्या पुढची पिढी आली की पुन्हा विकत घ्यावी लागते, आणि गोष्ट पुढे तिथंच अडली.

आता चीन. बडग्या, म्हणजे सगळा दोष माथी मारून मिरवायचा आणि जाळायचा पुतळा, काढायला चीन बरा पडतो, हे मान्य. पण जरा तारखा पाहा. भारतातल्या टीव्हीच्या बाजारात चिनी ब्रँडांची खरी लाट आली ती शाओमीनं फेब्रुवारी 2018 मध्ये पहिला टीव्ही आणल्यावर. त्याच्या सहा महिने आधी, ऑगस्ट 2017 मध्ये, रिझर्व्ह बँकेनं मोठ्या थकबाकीदारांची जी दुसरी यादी बँकांकडे पाठवली, तीत व्हिडिओकॉनचं नाव होतं. जून 2018 मध्ये स्टेट बँकेच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणजे चिनी टीव्ही बर्डीच्या काचेत लागेपर्यंत पेशंट आयसीयूत होता. जो दारात पोचलाच नव्हता, त्यानं गळा कसा घोटला?

कोरियनांचं तसं नाही, त्यांनी खरंच मार दिला. सॅमसंग 1995 ला आली, एलजी 1997 ला. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटतं तसा तो सगळा बोटीनं आलेला परदेशी माल नव्हता. एलजीनं ग्रेटर नोएडात कारखाना टाकला आणि नंतर पुण्याजवळ रांजणगावला, आपल्याच राज्यात. उलट बाहेरून माल आणल्याचं उदाहरण हवंच असेल तर ते सोनीचं आहे. 2004 मध्ये थायलंडशी करार होऊन रंगीत टीव्ही आणि पिक्चर ट्यूबवरची आयात ड्यूटी उतरली आणि सोनीनं हरियाणातल्या धारूहेड्याचा कारखाना बंद करून थायलंडहून टीव्ही आणायला सुरुवात केली. देशी कंपन्यांनी या करारावर तक्रार केली, आणि ती रास्त होती. सरकारला बोल लावायचा तर इथं लावा.

पण गिऱ्हाइकानं देशीकडे पाठ फिरवली म्हणता? नागपुरात उभं राहून हे म्हणायला छाती पाहिजे. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की लोक धावतात ते पत्र्याच्या लोकल कूलरकडे, अहमदाबादच्या सिंफनीकडे आणि टाटांच्या व्होल्टासकडे. एसीच्या धंद्यात सॅमसंग, एलजी, डायकिन सगळे असताना व्होल्टास वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर राहिली आहे. तेच दुकान, तेच गिऱ्हाईक, तोच फायनान्सवाला. इथं स्वदेशी आणि तिथं गद्दार, असं कसं राजेहो?

आणखी एक गंमत. ज्यांनी ‘व्हिडिओकॉन नको’ म्हणून सान्सुई घेतला, केनस्टारचा कूलर घेतला किंवा इलेक्ट्रोलक्सचा फ्रिज घेतला, त्यांतल्या कित्येकांचे पैसे शेवटी त्याच घरात गेले. हे सगळे ब्रँड भारतात त्याच ग्रुपकडे होते. एकाच घरातल्या चार नावांना चार किमती लावून विकणं त्यांना फार छान जमायचं, आणि त्यापायी डीलरच्या गोडाऊनची जी दैना व्हायची तिच्याबद्दल मी वेगळं लिहीन.

‘टीव्ही चपटे होणार हे कळलंच नाही’ या वाक्यापाशी मात्र थांबावं लागतं. इतकं भोळं चित्र आहे की कीव यावी. कंपनीचे प्रमुख वेणुगोपाल धूत इंजिनिअर माणूस, त्यांना हे ठाऊक नसेल? ट्यूबच्या जमान्यात व्हिडिओकॉनचं बळ होतं ते असं, की ती नुसते सेट जोडणारी कंपनी नव्हती. ट्यूबची काच भरूचला स्वतः ओतायची, फ्रिजचा कॉम्प्रेसर स्वतः बनवायची. सुटा भाग घरचा असला की भाव तोडायला जागा राहते. दिवाळीत समोरचा 500 उतरला की हे 800 उतरायचे, ते याच जोरावर.

मग 2005 मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला. इटलीत अनान्यी, पोलंडमध्ये पियासेच्नो, शिवाय मेक्सिको आणि चीन इथले कारखाने. युरोप-अमेरिकेत ट्यूब मरणार हे उघड होतं, म्हणून तर थॉमसन विकायला बसली होती. धूतांचा हिशेब असा दिसतो की गरीब देशांत ट्यूब अजून बरीच वर्षं खपेल, तोवर जगातले मोठे ट्यूबवाले आपण. आणि भारतापुरता हा हिशेब फारसा चुकला नाही. गडचिरोली-गोंदियाकडचे छोटे दुकानदार आमच्याकडून ट्यूबचे सेट न्यायचे, तेव्हा मुंबई-पुण्यात एलसीडी जुना झाला होता. चुकला तो वेग आणि जागा. 2008 च्या सुमारास जगात एलसीडीची विक्री ट्यूबच्या पुढे गेली, आणि त्यांच्याकडे कारखाने होते युरोपच्या पगारावर चालणारे. पियासेच्नो बंद पडला. अनान्यीचा कारखाना 2012 मध्ये दिवाळखोरीत गेला, तिथले कामगार रस्त्यावर आले. म्हणजे कळलं नाही असं नाही, कळून उलटा डाव लावला आणि तो अंगावर आला.

एलसीडी टीव्हीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचा. पॅनेल बनवायचे सॅमसंग आणि एलजीसारखे. चित्तेगावला ते विकतच घ्यावे लागणार. भरूचची काच आता कुणाला हवी होती? भाव तोडण्याची जागा गेली ती इथं. याला गिऱ्हाइकाची देशभक्ती काय करणार?

तरीही एवढ्यानं कंपनी मरत नाही. बीपीएल आकसली, ओनिडा आकसली, पण 64 हजार कोटींचं कर्ज डोक्यावर घेऊन गेली नाही. हा आकडा वाचूनच फॉरवर्डवाल्यानं थबकायला हवं होतं. ग्रुपच्या 13 कंपन्यांची दिवाळखोरीची प्रकरणं एकत्र केल्यावर, पैसे येणं असलेल्यांचे मान्य झालेले दावे होते 64,838 कोटींचे. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकून माणूस एवढं कर्ज करूच शकत नाही, करायचं म्हटलं तरी. हे कर्ज टीव्हीच्या दुकानाबाहेर झालं.

कुठं? एक, तेल. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या रव्वा क्षेत्रात त्यांचा 25 टक्के हिस्सा होता आणि तो चांगला चालला. वार्षिक अहवाल चाळले की दिसायचं, विक्रीत टीव्ही-फ्रिज पुढे, पण नफ्यात तेलाचा वाटा भारी. चटक तिथं लागली. मग मोझांबिक, मग ब्राझील. मोझांबिकच्या रोवुमा खोऱ्यातला 10 टक्के हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाला विकून 2014 च्या सुरुवातीला जवळपास 250 कोटी डॉलर आले. एवढा पैसा येऊनही कर्ज पुरून उरलं, यावरून खड्ड्याचा अंदाज घ्या.

दोन, मोबाइल. 2008 मध्ये डेटाकॉम या नावानं देशातल्या 22 पैकी 21 सर्कलचे, म्हणजे दूरसंचार विभागांचे, परवाने घेतले. 2 फेब्रुवारी 2012 ला सुप्रीम कोर्टानं 122 परवाने एका फटक्यात रद्द केले, त्यात हे 21 ही गेले. टॉवर भाड्यानं घेतलेले, माणसं नेमलेली, सिमकार्डं पानटपरीपर्यंत पोचलेली. शहाणा माणूस तिथंच उठला असता. यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरच्या लिलावात सहा सर्कलचं स्पेक्ट्रम पुन्हा घेतलं, आणि 2016 मध्ये ते एअरटेलला 4,428 कोटींना विकून निघाले. विक्रीचा आकडा मोठा दिसतो, पण मधल्या वर्षांचं व्याज आणि तोटा त्यात धरलेला नाही. त्याच काळात डीटूएच होतं, विजेचे प्रकल्प होते. या प्रत्येकात पैसा आधी ओतायचा आणि परतावा मागाहून, हे सगळं एकाच वेळी.

‘एका बँकेच्या बाईनं बुडवलं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. आयसीआयसीआय बँकेच्या तेव्हाच्या प्रमुख चंदा कोचर यांच्यावर सीबीआयची केस आहे, धूत यांच्यावरही आहे. दोघंही डिसेंबर 2022 मध्ये अटकेत होते आणि पुढे मुंबई हायकोर्टानं कोचर यांची अटक बेकायदा ठरवली. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण गणित तर आपल्याला येतं ना? आयसीआयसीआयनं व्हिडिओकॉनला दिलेल्या ज्या 2012 च्या कर्जावरून एवढा गदारोळ झाला ते 3,250 कोटींचं. 64,838 कोटींसमोर ते मांडा, वीसेकावा हिस्सा निघतो. बाकीचं कर्ज ज्यांनी दिलं त्यात स्टेट बँकेसकट सरकारी बँकांची रांग होती. ते साहेब फॉरवर्डमध्ये नाहीत, बाई तेवढी आहे. काहून, ते वेगळं सांगायला नको.

शेवटचा मुद्दा 30 हजार कोटींचा. यात थोडं तथ्य आहे. 2020 मध्ये धूतांनी साधारण 30 हजार कोटींची तयारी दाखवली होती आणि बँकांनी ती नाकारली. पण जो 64 हजार कोटी थकवून बसला आहे, त्यानं ‘30 हजार देतो’ म्हणणं हे रोख मोजणं नव्हे. पैसा येणार कुठून, किती वर्षांत, हे विचारणं सावकाराचं कामच आहे. मात्र त्यानंतर जे झालं त्यावर राग यावा असंच आहे. वेदांताच्या अनिल अग्रवालांच्या ट्विन स्टार या कंपनीची 2,962 कोटींची बोली मंजूर झाली, म्हणजे मान्य दाव्यांच्या 100 रुपयांमागे साडेचार रुपये. जून 2021 मध्ये बोली मंजूर करतानाच कंपन्यांची दिवाळखोरी हाताळणाऱ्या लवादानं (एनसीएलटी) आपल्या आदेशात लिहिलं की बोलीदार जवळजवळ काहीच देत नाही. शेअरवाल्यांच्या हाती तर शून्यच येणार होतं, आणि त्यात आपल्या इतवारी-गांधीबागेतली माणसंही असतील.

फक्त फॉरवर्ड म्हणतो तसं ‘बँकांनी फुंकून टाकली’ आणि गोष्ट संपली, असं झालं नाही. जानेवारी 2022 मध्ये अपील लवादानं ती मंजुरी रद्द केली आणि प्रकरण बँकांच्या समितीकडे परत पाठवलं. त्या अपिलात एवढ्या कमी पैशाला हरकत घेणाऱ्यांमध्ये एक बँकच होती, बँक ऑफ महाराष्ट्र.